परवचा आणि प्रयोगवही

गोंदिया हा जिल्हा वयाने लहान आहे. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी तो निर्माण झाला, आणि गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या आठ तहसिलींचा स्वतंत्र कारभार तेव्हापासून सुरू झाला. परंतु ज्या भूमीवर ही नवी सरहद्द आखली गेली, त्या भूमीतील विद्येचा इतिहास दीर्घ आहे, आणि त्या इतिहासाचा एक पदर असा आहे की ज्याची नोंद सरकारी दप्तरात सहसा होत नाही. शाळा केव्हा उघडली, तिला अनुदान किती मंजूर झाले, पटावर मुले किती होती आणि तपासनीस साहेबांनी कोणता शेरा मारला, याच्या कैफियती दप्तरात मिळतात. पण चार दिवसांवर परीक्षा आली असता एखादा मुलगा दिव्यापाशी बसला, तेव्हा तो नेमके काय करीत होता, पुस्तक पुन्हा पुन्हा वाचीत होता की पुस्तक मिटून स्वतःशी काही बोलत होता, याविषयी दप्तर मौन बाळगते. शिक्षणाचा खरा इतिहास त्या दिव्यापाशी घडतो असे माझे मत आहे. आणि विज्ञानासारख्या विषयात, जेथे शब्द पाठ असणे आणि वस्तू समजणे या दोहोंत मोठे अंतर पडू शकते, तेथे तर या मौनाखाली दडलेल्या शिरस्त्याचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

आमगावजवळच्या पद्मपूर या गावाचे नाव संस्कृत साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी नाटककार भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असा सिद्धांत मांडला; आणि आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे ते याच अभिमानाने. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत आपले पूर्वज तैत्तिरीय शाखेचे, म्हणजे वेदपाठी, असल्याचे सांगितले आहे. वेदपाठाची ती परंपरा केवळ घोकंपट्टीची होती, असे आपण आज सहज म्हणून जातो. परंतु तिची रचना बारकाईने पाहिली तर तो अभिप्राय अपुरा वाटतो. पदपाठात प्रत्येक पद सुटे करावयाचे, क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे असे जोडत जावयाचे, जटापाठात तीच जोडी उलट म्हणून पुन्हा सुलट म्हणावयाची, आणि घनपाठात ही उलटसुलट गुंफण तीन पदांपर्यंत वाढवावयाची, या सर्व खटाटोपाचा हेतू असा की म्हणणाऱ्याच्या स्मृतीत जेथे छिद्र असेल तेथे ते तत्काळ उघडे पडावे. पुढ्यात पोथी नसल्यामुळे चुकीला लपावयास जागा उरत नसे. ही विद्या मूठभरांच्या घरात कोंडलेली होती आणि बहुसंख्य जनतेला तिचा उंबरठाही ओलांडण्याची मनाई होती, हे सत्य विसरून तिचा गौरव करणे मला अनुचित वाटते. शिवाय अर्थ न जाणता पाठ करण्याची मुभाही तिच्यात होती. तथापि स्मृतीने स्वतःची परीक्षा स्वतःच वारंवार घेत राहावे, हे तत्त्व तिने ओळखले होते, आणि तेच तत्त्व पुढे एका अत्यंत साध्या रूपात सामान्य घरांपर्यंत पोहोचले.

ते रूप म्हणजे परवचा. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आणि त्यानंतरही पुष्कळ काळ गावोगावच्या पंतोजींच्या शाळा देवळाच्या सभामंडपात किंवा पाटलाच्या ओसरीवर भरत. धुळाक्षरे गिरवून झाली की मोडी वाचन, मग पाढे, आणि पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची चढण. ही सर्व सामग्री दिवेलागणीच्या वेळी एका सुरात म्हणण्याचा जो रिवाज होता, त्याला परवचा म्हणत. या रिवाजातील तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक तर परवचा रोज असे, परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे. दुसरे, तो पुस्तकावाचून असे. आणि तिसरे, तो दुसऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात असे, त्यामुळे आजीला अक्षरओळख नसली तरी नातवाचा पाढा कोठे अडखळला हे तिला कळे. मोठ्या मुलाने धाकट्यांना सांगावयाचे, हाही त्या शाळेचा शिरस्ताच होता. मद्रासच्या अनाथालयाचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील अशाच एका देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरविणारी मुले पाहिली, आपल्या अनाथालयात विद्यार्थ्याकरवीच विद्यार्थ्याला शिकविण्याची योजना आखली, आणि १७९७ साली तिचा वृत्तांत इंग्लंडात प्रसिद्ध केला. पुढे त्या देशातील हजारो गरीब मुलांचे प्राथमिक शिक्षण याच मार्गाने झाले. जो धाकट्याला समजावून सांगतो तोच अधिक शिकतो, हा अनुभव आमच्या ओसरीवरच्या शाळेने जगाला दिला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली. भंडारा जिल्हा त्यात आला, आणि त्याबरोबर आजचा गोंदियाचा मुलूखही. नागपुरात तोवर स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांची शाळा चालू झालेली होती. हे गृहस्थ धर्मोपदेशक खरे, पण त्याचबरोबर निष्णात भूस्तरवेत्ते. नागपूर परिसरातील खडकांचा आणि त्यांत गाडलेल्या जीवावशेषांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही आदराने उल्लेखिला जातो. १८६३ साली दौऱ्यावर असता ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. या प्रांतातील आधुनिक शाळेच्या आरंभीच दगड उचलून, फोडून, निरखून पाहणारा एक शिक्षक उभा आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. कारण पुढे शाळेचा कारभार जसजसा पद्धतशीर होत गेला, तसतसा तो दगड वर्गातून बाहेर गेला आणि दगडाविषयीचा परिच्छेद तेवढा आत राहिला.

हे कसे घडले हे समजण्यासाठी परीक्षेच्या स्वरूपात झालेला पालट पाहिला पाहिजे. पंतोजींच्या शाळेत परीक्षा अशी वेगळी नव्हतीच. परवचा हाच अभ्यास आणि तीच परीक्षा. नव्या व्यवस्थेत परीक्षा घेणारा बाहेरचा झाला, आणि परीक्षा कागदावरची व वर्षातून एकदा होणारी झाली. इंग्लंडात १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर अवलंबून ठेवण्यात आले होते, आणि त्याच धर्तीचे नियम हिंदुस्थानातील काही इलाख्यांतही लागू झाले. ज्या दिवशी मास्तरांचा पगार मुलांच्या उत्तरांशी बांधला गेला, त्या दिवशी उत्तर आधीच लिहून देणे हा मास्तरांचा व्यवहार्य धर्म ठरला, आणि याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तर फारच दूरची असे. मध्यप्रांतातील विद्यार्थ्यांचे पेपर आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाच्या कक्षेत येत, आणि नागपूरला स्वतःचे विद्यापीठ १९२३ साली मिळाले. ज्या परीक्षकाने वैनगंगा कधी पाहिली नाही, त्याच्यासाठी उत्तर लिहिताना वैनगंगेकडे पाहण्याचे कारण विद्यार्थ्यालाही उरले नाही.

याच काळात मराठी भाषेत विज्ञानाचे ग्रंथ कसे अवतरले, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मुंबईत हरी केशवजी पाठारे यांनी १८३० नंतरच्या दशकात पदार्थविज्ञान व रसायन या विषयांवरील ग्रंथ मराठीत आणले ते संवादरूपाने. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० पासून शास्त्रीय विषयांवरील निबंध छापू लागले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनादी शास्त्रांवर मराठीत विपुल लेखन केले. हरी केशवजींनी ज्याचा आधार घेतला तो रसायनावरील मूळ इंग्रजी ग्रंथ जेन मार्सेट या विदुषीचा, एका शिक्षिकेने दोन मुलींशी केलेल्या प्रश्नोत्तरांच्या रूपातला. तोच ग्रंथ लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या हाती पडला होता. त्यातील विधाने खरी आहेत की नाहीत हे तो मिळेल त्या साहित्यानिशी लहानसे प्रयोग करून पडताळून पाहत असे, आणि तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेला मायकेल फॅरडे. विज्ञानाच्या अभ्यासाची याहून उत्तम रीत मला ठाऊक नाही: विधान वाचावे, त्याचा प्रश्न करावा, आणि शक्य तेथे हाताने पडताळावे. आमच्या भाषेतील पहिली विज्ञानपुस्तके प्रश्नाच्या रूपात जन्मली आणि पुढची क्रमिक पुस्तके उत्तराच्या रूपात स्थिरावली, ही एक मोठी हानी होय.

मध्यप्रांतात हा दोष दूर करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अर्ध्या दिवसाच्या शाळा हा प्रयोग येथे झाला, आणि निसर्गनिरीक्षण व शाळेची बाग यांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. त्याहून व्यापक विचार वर्ध्याला झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जो अभ्यासक्रम तयार केला त्यात सामान्य विज्ञान या विषयाखाली निसर्गनिरीक्षणापासून वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन, आकाशातील तारे आणि थोर शास्त्रज्ञांच्या कथा येथपर्यंत सर्व काही गुंफलेले होते. प्रचलित परीक्षापद्धतीवर त्या समितीने कठोर टीकाही केली होती. मध्यप्रांताच्या मंत्रिमंडळातील पंडित रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेत तर गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे अशी कल्पना होती. महायुद्ध आले, मंत्रिमंडळे गेली, आणि या योजनांचा बहर ओसरला. शेती आणि शास्त्र यांची ती जोडणी जर टिकली असती, तर तिचा सर्वाधिक लाभ ज्या प्रदेशाला झाला असता तो हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश होय.

कारण या प्रदेशात विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकातील प्रकरणे जमिनीवर मांडून ठेवलेली आहेत. नवेगावबांधचा तलाव घ्या. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे परंपरा सांगते. आणि कोहळी समाजाने बांधलेले असे शेकडो लहानमोठे तलाव व बोड्या पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात सर्वत्र आहेत, ज्यांना पुढे मालगुजारी तलाव आणि मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत नष्ट झाल्यावर माजी मालगुजारी तलाव, किंवा संक्षेपाने मामा तलाव, असे नाव पडले. या तलावांची पाळ तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असते. नववी-दहावीच्या मुलाला द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे वाक्य पाठ असते. पण त्याला पाळीवर उभे करून असे विचारावे की पाळ खाली रुंद का केली, आणि तलाव मैलभर लांब असला काय किंवा हातभर लांब असला काय, एकाच खोलीवर पाण्याचा दाब तेवढाच असेल की कमीजास्त होईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो देईल, आणि दुसऱ्या प्रश्नाशी बहुधा थबकेल. कारण दाब खोलीवर, द्रवाच्या घनतेवर आणि गुरुत्वावर अवलंबून असतो, पाण्याच्या विस्तारावर नव्हे, ही गोष्ट वाक्यात असली तरी मनात उतरलेली नसते. तो थबकण्याचा क्षण हाच अभ्यासाचा क्षण होय. घटक चाचणीत नेमका तोच प्रश्न येईल की नाही हे गौण आहे. जो विद्यार्थी तेथे एकदा थबकला आणि विचार करून सुटला, त्याला त्या प्रकरणावरील कोणताही प्रश्न परका वाटत नाही.

किंवा गोंदियाच्या भातगिरण्या घ्या. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरील हे गाव, पुढे १९०३ ते १९०५ च्या दरम्यान सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग येथून निघाल्यावर, मोठे जंक्शन झाले, आणि धान, तेंदूपान व विडी यांच्या व्यापाराने त्याची भरभराट झाली. येथील गिरण्यांत जो उसना तांदूळ तयार होतो, त्याची कृती म्हणजे रसायन व जीवशास्त्र यांचा एक संपूर्ण पाठ आहे. धान भिजवितात, वाफवितात, वाळवितात आणि मग कांडतात. वाफेच्या उष्णतेने दाण्यातील पिष्ट फुगून एकजीव होते, दाण्यातील बारीक भेगा सांधल्या जातात, त्यामुळे कांडताना कणी कमी पडते. आणि कोंड्यातील ब जीवनसत्त्वाचा काही अंश पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरतो, म्हणून वरचा कोंडा निघून गेला तरी ते सारेच वाया जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार आढळला, आणि त्या मार्गाने जीवनसत्त्वांचा शोध लागून १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ज्या मुलाच्या घरातील कोणी गिरणीत हमालीला जाते, त्याने ‘पिष्टाची परीक्षा आयोडिनने कशी करतात’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करीत बसावे आणि गिरणीच्या हौदाकडे मात्र एकदाही प्रश्नार्थक मुद्रेने पाहू नये, हे दृश्य मला खरोखर व्यथित करते. त्या मुलाचा यात काही अपराध नाही. गिरणी हा अभ्यासाचा विषय आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

स्वातंत्र्यानंतरची राज्यकारभारातील स्थित्यंतरे या भागाने इतरांपेक्षा अधिक सोसली. १९४८ च्या कायद्याने जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्था आल्या. १९५६ साली हा मुलूख मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९६२ साली शाळा जिल्हा परिषदेच्या ताब्यात आल्या. नागपुरात डॉ. रघुवीर यांनी शास्त्रीय परिभाषेचा जो प्रचंड उद्योग मांडला होता, त्यात ऑक्सिजनला जारक आणि नायट्रोजनला भूयाति अशी नावे होती. मुंबईकडील मराठी पुस्तकांत प्राणवायू आणि नत्रवायू चालत. राज्य बदलले की पुस्तके बदलत, आणि ज्याने केवळ नाव पाठ केले होते त्याची पुंजी त्या बदलात नाहीशी होई. मेणबत्तीवर पेला पालथा घातला असता ज्योत का विझते, हे ज्याने पाहून समजून घेतले होते, त्याला मात्र एका नावाऐवजी दुसरे नाव लिहावे लागे, एवढेच. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांच्या पुढाकाराने गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी नागपूरची वाट धरण्याची अपरिहार्यता कमी झाली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे अशी शिफारस केली. १९६७ साली पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. आणि १९७५ साली नव्या आराखड्यातील दहावीची पहिली परीक्षा झाली. धान रोवणाऱ्या घरातील प्रत्येक मुलामुलीला विज्ञानाच्या परीक्षेस बसणे भाग पडले ते या टप्प्यावर.

ही घटना लोकशाहीच्या दृष्टीने अत्यंत इष्ट होती. परंतु तिच्या पाठोपाठ एक अनिष्टही आले. अभ्यास कसा करावा हे शिकविण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. परवचा घरातून लुप्त झाला होता, प्रयोगशाळा बहुसंख्य शाळांत नावापुरती होती, आणि मधल्या पोकळीत गाइडे व अपेक्षित प्रश्नसंच यांनी ठाण मांडले. प्रयोगवही, जी वस्तुतः निरीक्षणाचा रोजनामा असावयास हवी, ती आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून उतरवून घेण्याची वस्तू झाली. परीक्षेआधी प्रकरण पाच वेळा वाचावयाचे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारावयाच्या, आणि वाचताना सर्व ओळखीचे वाटते म्हणून तयारी झाली असे समजावयाचे, हा सार्वत्रिक क्रम होऊन बसला. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन भिन्न शक्ती आहेत, हे या क्रमात कोणाच्या लक्षात येत नाही. ते लक्षात येते प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर.

या भ्रमाचे निरसन करणारे संशोधन आता शतकाहून जुने आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की शिकलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते, आणि तोच अभ्यास एका बैठकीत उरकण्यापेक्षा निरनिराळ्या दिवसांत विभागला तर कमी श्रमात अधिक टिकतो. १९१७ साली अमेरिकेत आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून असे सिद्ध केले की मिळालेल्या वेळेचा मोठा हिस्सा वाचण्यात न घालविता न पाहता म्हणून पाहण्यात घालविला तर स्मरण वाढते. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा प्रांतातील ९१ शाळांतील सहावीच्या ३,६०५ मुलांना माहितीपर लेख वाचावयास दिले. त्या लेखांपैकी एकाचा विषय बांबू हा होता, हे वाचून या वनप्रदेशातील वाचकाला कौतुक वाटावे. वाचनानंतर लगेच ज्यांची लहानशी चाचणी घेतली, त्यांच्या स्मरणात काही आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा अधिक शिल्लक राहिले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे ठेवला. उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवले आणि एकदा वाचून मग न पाहता लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. परंतु आठवड्याने तेच आकडे अनुक्रमे ४२ आणि ५६ असे उलटले. पुन्हा वाचणाऱ्याला आपली तयारी उत्तम झाल्यासारखी का वाटते आणि परीक्षेत तो का फसतो, याचा उलगडा या चार आकड्यांत आहे. दिवेलागणीच्या परवच्यात जे अनुभवाने आले होते, तेच येथे प्रमाणाने सिद्ध झाले.

मात्र परवचा जसाच्या तसा विज्ञानाला लावून भागणार नाही, कारण पाढ्यात ‘का’ नसतो आणि विज्ञानात तो पदोपदी असतो. विज्ञानाचा परवचा कसा असावा, याविषयी शिक्षकांशी झालेल्या बोलण्यातून आणि वरील संशोधनातून माझी जी धारणा झाली आहे ती मांडतो. शाळेत प्रकरण झाले त्याच संध्याकाळी पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले वेगळ्या शाईने भरावे. ही वेगळ्या शाईतील अक्षरे म्हणजेच उद्याचा अभ्यास होय, आणि उरलेले प्रकरण पुन्हा वाचण्यात वेळ दवडण्याचे प्रयोजन नाही. दोनतीन दिवसांनी, नंतर आठवड्याने, आणि चाचणीच्या अगोदर एकदा हेच करावे. दर खेपेस कागदावरची दुसरी शाई कमी होत गेली पाहिजे. हृदयाची, डोळ्याची किंवा विद्युत्मंडलाची आकृती पुस्तकावरून सुबक उतरवून घेण्यात हात शिकतो, डोके शिकत नाही; तीच आकृती न पाहता काढून रक्त कोणत्या कप्प्यातून कोठे जाते हे बोटाने दाखवीत मोठ्याने सांगता आले पाहिजे. गणिती उदाहरणे एकाच प्रकारची दहा सलग सोडविण्यापेक्षा भिंग, विद्युतधारा आणि गुरुत्व यांची मिसळून सोडवावीत, कारण परीक्षेत कोणते सूत्र लावावयाचे हे कोणी सांगत नाही, आणि सूत्राची निवड हेच अर्धे उत्तर असते. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर ते उत्तर अर्धवट समजावे. व्याख्या पाठ असावी, परंतु तिच्यामागे स्वतःच्या गावातील एक तरी उदाहरण उभे असावे. आणि झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, दंडार या लोकनाट्याची तालीम जशी संहितेचे कागद बाजूला ठेवल्यावाचून पुरी होत नाही, तशी ही तयारीही पुस्तक मिटल्यावाचून पुरी झाली असे मानू नये.

प्रयोगाविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. आज दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञानाचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे असते. या वीस गुणांकडे हमखास मिळणारे गुण म्हणून पाहण्याची सवय सर्वत्र आहे. वास्तविक लेखी ऐंशी गुणांपैकी कितीतरी गुणांची वाट या वीस गुणांतून जाते. ज्याने लिंबाचा रस, चुन्याची निवळी आणि साबणाचे पाणी यांत लिटमस बुडवून रंग पाहिला आहे, त्याला आम्ल व आम्लारीचे कोष्टक पाठ करावे लागत नाही. हळदीच्या डागावर साबण पडला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरातील धुणे धुणाऱ्या बाईला ठाऊक असते. तिच्या मुलीला तो दर्शकाचा प्रयोग आहे हे सांगितले की एक संपूर्ण पृष्ठ तिचे झाले. वही उतरविण्याऐवजी प्रत्येक प्रयोगाखाली ‘मला काय दिसले’ आणि ‘अपेक्षेपेक्षा वेगळे काय झाले’ एवढ्या दोन ओळी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात, आणि शिक्षकांनी आकृतीच्या सुबकतेपेक्षा त्या दोन ओळींना गुण द्यावेत, ही सूचना खर्चाची नाही.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि या जिल्ह्यात तो टाळता येत नाही. येथील मुले घरी झाडीबोली बोलतात, पोवारी बोलतात, हिंदी बोलतात. सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगावच्या वनांतील गावांत गोंडी बोलतात. आणि पुस्तक त्यांच्यापुढे प्रमाण मराठीत येते. अशा मुलाने ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द अचूक लिहिला म्हणून ती क्रिया त्याला समजली असे धरता येत नाही, आणि तो शब्द चुकला म्हणून समजली नाही असेही धरता येत नाही. पानाला ऊन मिळाले नाही तर काय होते, धानाचे पऱ्हे सावलीत पिवळे का पडतात, हे त्याने आधी आपल्या बोलीत, आपल्या धाकट्या भावाबहिणीला सांगावे. सांगताना जेथे अडेल तेथे शिक्षकाला विचारावे. आणि समजल्यानंतर तेच पुस्तकाच्या मराठीत लिहावे. देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत मुले शाळेतच राहतात, त्यामुळे संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी ही दुहेरी रीत अमलात आणणे तेथे इतर कोठल्याहीपेक्षा सुकर आहे: मोठ्या वर्गातील एकेका विद्यार्थ्याभोवती लहान वर्गातील चारपाच मुले बसवावीत, पुस्तके मिटलेली असावीत, बोली ज्याची त्याची असावी, आणि अर्ध्या तासानंतर प्रत्येकाने जे ऐकले ते मराठीत पाच ओळींत लिहून शिक्षकांच्या हाती द्यावे. त्या पाच ओळी वाचून कोणते प्रकरण उद्या वर्गात पुन्हा घ्यावयाचे, हे शिक्षकांना चाचणीची वाट न पाहता त्याच रात्री ठरविता येईल.